रेड कार्ड नेमकं कोणाचं डोकं वाचवतं?

२८ ऑक्टोबर २०२३. पॅरिसजवळचं स्टाद द फ्रान्स. पुरुषांच्या रग्बी वर्ल्ड कपची फायनल, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पहिला अर्धा तासही पूर्ण झाला नव्हता, तेवढ्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन यलो कार्ड घेऊन बाहेर बसला. दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रिएलला अडवताना त्याचा खांदा क्रिएलच्या डोक्याला लागला होता. काही मिनिटांनी त्या यलोचं रेड झालं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये रेड कार्ड मिळालेला तो पहिला खेळाडू. न्यूझीलंडने उरलेला सामना कर्णधाराशिवाय खेळला आणि ११-१२ असा, एका गुणाने, गमावला. गंमत म्हणजे उत्तरार्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी यालाही डोक्याला धक्का लागलेल्या टॅकलबद्दल यलो मिळालं, पण ते रेड झालं नाही.

दोन कर्णधार, दोन टॅकल, दोन वेगळे निकाल. यावर वाद होणारच. पण या वादात एक गोष्ट जवळपास सगळेच गृहीत धरतात: टॅकल करणारा म्हणजे धोका देणारा आणि चेंडू घेऊन पळणारा म्हणजे धोका सोसणारा. रेड कार्ड दुसऱ्याचं डोकं फोडल्याची शिक्षा आहे, असंच आपण समजतो. मी पीएचडी करतेय ती खेळातल्या हालचालींच्या बायोमेकॅनिक्समध्ये, आणि या विषयातले पेपर वाचायला लागल्यावर सगळ्यात आधी हाच समज मोडतो.

आधी थोडी ओळख, कारण आपल्याकडे रग्बी पाहणारे कमी. रग्बीतलं टॅकल म्हणजे आपल्या कबड्डीतली पकडच, फक्त पकड करणारा आणि पळणारा दोघेही बऱ्याचदा पूर्ण वेगात समोरासमोर येतात. चेंडू हातात असलेल्यालाच पाडता येतं. पाडताना हातांनी विळखा घालावा लागतो, नुसता खांदा मारून चालत नाही. आणि खांद्याच्या रेषेच्या वर पकड गेली तर ती धोकादायक पकड. इथे नियमाचा एक बारकावा आहे: पकड खाली सुरू होऊन वर सरकली तरी ती गुन्हाच. 'मी छातीलाच धरलं होतं, हात घसरला' हे चालत नाही.

डोक्याला धक्का लागला की रेफरी चार प्रश्न ओळीने विचारतो. डोक्याला संपर्क झाला का? त्यात नियमभंग होता का? धोका किती होता? आणि धोका कमी धरावा असं काही कारण होतं का, जसं की चेंडूवाला ऐनवेळी अचानक खाली वाकला? धोका जास्त असेल तर रेड, पण सौम्य करणारं कारण सापडलं तर एक पायरी खाली, म्हणजे यलो. ही पद्धत २०२१ पासून या रूपात आहे. त्याआधी २०१७ आणि २०१९ मध्ये शिक्षा टप्प्याटप्प्याने कडक झाल्या होत्या. २०२३ पासून रेफरीला मैदानावर यलो देऊन प्रकरण 'बंकर'कडे पाठवता येतं. तिथे बसलेला अधिकारी आठ मिनिटांत व्हिडिओ बघून रेड करायचं की नाही ते ठरवतो. सॅम केनचं तसंच झालं.

हेतू काय होता हा प्रश्न या चारांत नाहीच, हे लक्षात घ्या. जुन्या खेळाडूंना हेच पटत नाही. 'तो काय मुद्दाम मारायला गेला होता का?' असं ते विचारतात. नसेल गेला. पण मेंदूला हेतू कळत नाही, वेग कळतो.

ही पद्धत राबवणारी माणसंच कशी अडखळतात ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिसलं. ट्विकनहॅमला इंग्लंड-वेल्स सामन्यात इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरल याचा खांदा वेल्सच्या टेन बॅशमच्या डोक्याला लागला. यलो, मग बंकरकडून रेड. तीन दिवसांनी शिस्तपालन समितीने ते रेड रद्द केलं: शेवटच्या क्षणी परिस्थिती बदलली, म्हणून धोका सौम्य धरायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. मग खुद्द वर्ल्ड रग्बीने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, अपील केलं आणि फॅरलवर चार सामन्यांची बंदी आली. एकच व्हिडिओ, तीन टेबलं, तीनदा पलटलेला निकाल. त्यात भर म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत फॅरलने एका आधीच्या बंदीतला एक सामना कमी करून घेण्यासाठी टॅकल सुधारण्याचा कोर्स केला होता. त्याला खेळाडू 'टॅकल स्कूल' म्हणतात. माणसाने शाळा केली, शिक्षा भोगली, आणि सात महिन्यांत पुन्हा तेच. हा माणूस बेफिकीर होता असं म्हणून मोकळं होता येतं. मला त्यापेक्षा वेगळं वाटतं. पंधरा-वीस वर्षं मुरलेली शरीराची सवय कार्डाने किती बदलते, हा इथला खरा प्रश्न आहे.

आता आकडे. २०१७ मध्ये रॉस टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक रग्बीतल्या ६११ घटनांचं व्हिडिओ विश्लेषण प्रसिद्ध केलं. या सगळ्या घटनांमध्ये डोक्याला मार लागून खेळाडूला तपासणीची गरज पडली होती. त्यातल्या ४६४, म्हणजे ७६ टक्के, टॅकलमध्ये झालेल्या. इथवर नवल नाही. पण या ४६४ पैकी मार कोणाला लागला? चेंडूवाल्याला १२९ वेळा. टॅकल करणाऱ्याला ३३५ वेळा.

पुन्हा वाचा. ज्याला आपण हल्लेखोर समजतो, त्याचंच डोकं अडीच पटीहून जास्त वेळा फुटतं. (फुटतं म्हणजे शब्दशः नव्हे. बोलतोय ते कनकशनबद्दल, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याबद्दल.) हजार टॅकलमागे हिशोब केला तर टॅकल करणाऱ्याला १.४० आणि चेंडूवाल्याला ०.५४. आकडे छोटे दिसतात, पण एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून दोन-तीनशे टॅकल सहज होतात. म्हणजे साधारण दर दोन सामन्यांमागे एकाला तरी डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर जावं लागणार.

असं का होतं? टॅकल करणारा स्वतःहून डोकं पुढे घेऊन धडकेत शिरतो. चेंडूवाल्याला धडक लागते ती बहुतेक वेळा छातीला, पोटाला, मांडीला. टॅकल करणाऱ्याचं डोकं मात्र प्रत्येक वेळी त्या जागेपासून वीतभर अंतरावर असतं. ते डोकं कशावर आदळतं, यावर पुढचं सगळं ठरतं. टकर यांच्या आकड्यांनुसार समोरच्याच्या डोक्याशी किंवा खांद्याशी गाठ पडली तर दुखापतीची शक्यता खांद्याखालच्या संपर्काच्या सव्वाचार पट. कोपर आणि गुडघा हेही वाईट. सगळ्यात सुरक्षित काय, तर धड आणि मांडी. साहजिक आहे: तिथे मांस जास्त, हाडाचं टोक कमी.

इथे मेंदूबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत, कारण 'हेल्मेट का घालत नाहीत' हा प्रश्न मला दर वेळी येतो. कवटीवर आदळलेल्या वस्तूने मेंदूला जखम होते ही कल्पना कनकशनला लागू पडत नाही. मेंदू मऊ असतो आणि कवटीत द्रवात असतो. डोकं झटक्यात फिरलं की कवटी आधी फिरते, मेंदू मागे राहतो, आणि आतले लांब चेतातंतू ताणले जातात. ताटलीत ठेवलेली खरवसाची वडी ताटली झटकन फिरवल्यावर कशी थरथरते ते आठवा. रग्बीत घालतात ती मऊ टोपी कान सोलण्यापासून आणि खोक पडण्यापासून वाचवते, पण हे फिरणं थांबवत नाही. म्हणून उपाय डोक्यावर घालायचा नाही, डोकं धडकेतूनच बाजूला काढायचं.

कार्डामागचा तर्क इथे उलगडतो. टकर यांच्या त्याच कामात दिसलं की टॅकल करणारा ताठ उभा असेल तर डोक्याला मार बसण्याची शक्यता कमरेत वाकलेल्या टॅकलच्या जवळपास दीडपट होते, आणि हा धोका दोघांनाही असतो. ताठ उभा राहिलेला माणूस म्हणजे दोन डोकी एकाच उंचीवर. मग त्याला वाकवायचं कसं? 'तुझं डोकं सांभाळ' असं सांगून कोणी वाकत नाही. विशीतल्या खेळाडूला स्वतःच्या डोक्याची फिकीर नसते. पण कार्डाची असते, कारण ते संघाला भोवतं. थोडक्यात, दुसऱ्याच्या डोक्याच्या नावाने शिक्षा करून त्याचं स्वतःचं डोकं खाली आणायचं. स्कूटरवाल्याला हेल्मेट घालायला दंडाची भीती लागते, तसंच काहीसं. २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये एकच रेड कार्ड निघालं होतं. २०१९ च्या जपानमधल्या वर्ल्ड कपमध्ये आठ निघाली.

मग नियमानेच टॅकलची उंची खाली का आणू नये? तेही करून झालंय, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रयोग तोच आहे.

२०१८-१९ च्या मोसमात इंग्लंडमध्ये दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक संघांच्या चॅम्पियनशिप कप स्पर्धेत कायदेशीर उंची खांद्यावरून काखेच्या रेषेपर्यंत खाली आणली. तेच संघ त्याच मोसमात लीगचे सामने जुन्या नियमाने खेळत होते, त्यामुळे तुलना सोपी. नियमाने सांगितलेलं काम झालं: चेंडूवाल्याच्या डोक्या-मानेला होणारे संपर्क सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पण कनकशन कमी झाली नाहीत. उलट प्राथमिक आकड्यांत टॅकल करणाऱ्यांची वाढलेली दिसली, आणि जानेवारी २०१९ मध्ये प्रयोग अर्ध्यावर थांबवला.

काय घडलं असावं, तर रग्बीत बरेच टॅकल पूर्ण वेगात पळताना होत नाहीत. ढिगातून चेंडू उचलून एखादा धिप्पाड गडी दोन पावलं पुढे घुसतो, तेव्हा तो स्वतःच कमरेत वाकलेला असतो. आता टॅकल करणाऱ्यालाही वाकायला लावलं. पुन्हा दोन डोकी एकाच उंचीवर, फक्त सगळं अर्धा मीटर खाली. उंची जमिनीपासून मोजून उपयोग नसतो. दोघांच्या डोक्यांमधलं अंतर मोजायचं असतं, आणि नियम लिहिताना एकाच खेळाडूचा विचार केला तर दुसरा निसटतो.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. २०१८ मध्ये तिथे काही तरुण खेळाडूंचे मैदानावरच्या दुखापतींनंतर मृत्यू झाले, देश हादरला, आणि २०१९ पासून हौशी रग्बीत टॅकल कमरेपर्यंतच, तेही एका वेळी एकानेच, असा नियम आला. डोक्याला डोकं लागण्याचे प्रसंग ६३ टक्क्यांनी घटल्याचं फ्रेंच महासंघाने सांगितलं. इंग्लंडने जानेवारी २०२३ मध्ये हौशी स्तरासाठी कमरेचीच घोषणा केली, तर क्लबांमध्ये असा भडका उडाला की संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. शेवटी तडजोड झाली ती छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकावर. न्यूझीलंडनेही त्याच वर्षी क्लब पातळीवर छातीच्या हाडाखालची रेषा घेतली. पोटाची पट्टी ही तडजोड मला पटते, कारण वर डोकं-खांदा आणि खाली गुडघा, दोन्हीकडे धोका वाढतो.

कबड्डी बघणाऱ्यांना गुडघ्याचं हे लगेच कळेल. घोट्याची पकड करायला सूर मारणाऱ्या बचावपटूचं डोकं चढाईपटूच्या गुडघ्याच्या नेमकं रेषेत येतं. खाली म्हणजे सुरक्षित, असं सरळ गणित नाही.

आता ज्या पेपरमुळे मी हा लेख लिहायला बसले, त्याकडे येते. २०१८ मध्ये जपानच्या संशोधकांनी ३,९७० टॅकल तपासले आणि फक्त एक गोष्ट नोंदवली: टॅकल करणाऱ्याचं डोकं चेंडूवाल्याच्या मागच्या किंवा बाहेरच्या बाजूला होतं की त्याच्या पुढ्यात, धावण्याच्या रेषेत आडवं आलेलं होतं? चुकीच्या बाजूला डोकं असलेले टॅकल होते ३१७, म्हणजे आठ टक्के. उरलेल्या ३,६५३ मध्ये डोकं बरोबर. डोक्या-मानेच्या दुखापतींचं प्रमाण बरोबर बाजूला हजारामागे २.७. चुकीच्या बाजूला ६९.४.

पंचवीस पट! इतका मोठा फरक आमच्या क्षेत्रात क्वचित दिसतो. दीडपट फरक सापडला तरी आम्ही खूश असतो. आणि ही चूक गुन्हा नाही. रेफरी शिट्टी वाजवत नाही, बंकर व्हिडिओ बघत नाही, कारण नियम बघतो तो समोरच्याला काय झालं ते. पकड कंबरेला, विळखा व्यवस्थित, टीव्हीवर कॉमेंटेटर वाहवा करतोय, आणि टॅकल करणाऱ्याचं डोकं शंभर किलोच्या माणसाच्या कुल्ल्याच्या हाडापुढे अडकलेलं. कागदावर हा आदर्श टॅकल.

म्हणून 'कार्डं वाढवा' आणि 'कार्डांनी खेळाचा विचका केला' या दोन्ही बाजूंचं ऐकताना मला वाटतं की कार्डाकडून त्याच्या कुवतीबाहेरचं मागितलं जातंय. कार्ड ताठ उभ्या राहणाऱ्याला वाकवू शकतं. वाकल्यावर डोकं डावीकडे घालायचं की उजवीकडे, हे ते शिकवू शकत नाही. सध्याची भांडणं तर कार्डाच्या लांबीवरच अडली आहेत: नोव्हेंबर २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून वीस मिनिटांच्या रेड कार्डाचा प्रयोग सुरू झाला. खेळाडू परत येत नाही, पण वीस मिनिटांनी बदली येतो. मुद्दाम केलेल्या हाणामारीला मात्र जुनं, पूर्ण सामन्याचं रेड राहतं. फ्रान्सने याला विरोध केला. मला विचाराल तर प्रेक्षकांसाठी हा मोठा प्रश्न आहे, डोक्यांसाठी लहान.

डोक्यांसाठी मोठा प्रश्न किती गंभीर आहे ते ग्लासगोच्या विली स्टुअर्ट यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं. स्कॉटलंडचे ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि त्यांच्याशी वय वगैरे जुळणारे १,२३६ सामान्य लोक. मेंदूचा ऱ्हास करणारे आजार खेळाडूंमध्ये ४७ जणांना, म्हणजे ११.४ टक्के, इतरांत ६७ जणांना, ५.४ टक्के. ग्लासगो, बोस्टन आणि सिडनीच्या मेंदूपेढ्यांत दान आलेल्या ३१ माजी रग्बीपटूंच्या मेंदूंपैकी २१ मध्ये सीटीई हा वारंवार हादऱ्यांशी जोडलेला आजार सापडला, आणि खेळलेल्या प्रत्येक जादा वर्षागणिक शक्यता वाढत होती. इथे सावध राहायला हवं: मेंदू दान करणारी कुटुंबं बहुधा आधीच काहीतरी बिनसल्याचं बघितलेली असतात, त्यामुळे २१ भागिले ३१ हे सगळ्या रग्बीपटूंचं प्रमाण नव्हे. पण 'प्रत्येक जादा वर्षागणिक' हा भाग तितक्या सहज झटकता येत नाही. इंग्लंडला २००३ चा वर्ल्ड कप जिंकून देणाऱ्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन याला चाळिशीतच डिमेन्शियाचं निदान झालं. ती फायनल खेळल्याचं त्याला आठवत नाही.

वर्षागणिक म्हणजे केवळ मोठ्या, कार्डवाल्या धडका नव्हेत. आता खेळाडूंच्या दातांवरच्या माउथगार्डमध्ये सेन्सर असतात, आणि त्यातून कळतं की धड जोरात अडवलं गेलं की डोक्याला काहीही न लागता मानेच्या झटक्यानेही डोकं वेगाने हलतं. शिवाय आठवड्यात सामना एक, सराव चार-पाच दिवस. म्हणून २०२१ मध्ये वर्ल्ड रग्बीने व्यावसायिक संघांना सल्ला दिला की पूर्ण ताकदीच्या धडकांचा सराव आठवड्याला पंधरा मिनिटांपर्यंतच ठेवा.

आणि इथे कोचची पंचाईत होते. डोकं बरोबर बाजूला घालायची सवय लावायची तर हजारो वेळा टॅकल करून घ्यायला हवेत, आणि डोक्यांना आराम द्यायचा तर टॅकल करूनच घ्यायचे नाहीत. यातून निघालेली वाट साधी आहे आणि टीव्हीवर कधी दिसत नाही: गुडघ्यांवर बसून, चालत, अर्ध्या वेगात, पॅडवर, पुन्हा पुन्हा तीच हालचाल. कोणता पाय पुढे, त्याच बाजूचा खांदा, गाल समोरच्याच्या ढुंगणाला मागून चिकटलेला. लहान मुलं हे ऐकून खिदळतात, आणि कोच सांगतात की म्हणूनच ते त्यांच्या लक्षात राहतं.